गाडीत खसखस नको

—नाही नंदकुमारभाऊ, चावी मग देतो, आधी तो मसाल्याचा डबा उघडा. गाडीचा विमा झाला, सौदीचे व्हिसे झाले, सगळं चोख आहे — पण मागच्या किचनमध्ये वहिनींनी काय काय भरलंय ते बघू द्या मला. हसू नका. सौदीत शिरताना नुवेसीबच्या बॉर्डरवर कपाटं उघडतात, डबे खाली उतरवतात — मोटरहोम म्हणजे अख्खं स्वयंपाकघरच घेऊन चाललात की! आणि आपली माणसं चुकतात ती इथेच. वहिनी, मसाल्यात खसखस आहे? खरं सांगा. आपल्याकडे ती अनारशाला लावतात, इकडे ती अफूची बी. इथेही चालत नाही, तिथेही नाही. विमानतळावर सुटली म्हणून बॉर्डरवर सुटेल होय? टाका तो डबा कचऱ्यात. हळहळू नका.

मला कसं माहीत? माझी बायको गेली ना — कुबरा. ह्याच गाडीतून. इथलंच, महबूल्याचं एक कुटुंब होतं, देवमाणसं, म्हणाले उस्मानभाई, आम्ही सौदीत खोबरला चाललोय, भाभींना लेकीकडे सोडतो. आमची हिना तिथे बाळंत झालेली. पहिलं बाळंतपण, नवरा दिवसभर कामावर — आई नको जवळ? कुबराने डिंकाचे लाडू घेतले. तिच्या बहिणीने दाभोळहून पाठवलेले, आणि खसखशीशिवाय बाळंतिणीचे लाडू कोण करतं, सांगा! बॉर्डरपलीकडे सौदी शिपायाने एक फोडून बघितला. त्या कुटुंबाची तोंडं पांढरीफटक. आणि ही बया, कोणी विचारायच्या आधीच पुढे — डबा माझा आहे म्हणून. झालं! ते सुटले, ती आत. अजून तिथल्या तुरुंगातच आहे.

वकील? केलाय हो. वेळ लागेल म्हणतो, दर वेळी तेच म्हणतो. आणि मी जाऊ कसा? इथून बाहेर पडायच्या एग्झिट परमिटला मालकाने हो म्हणायला हवं. तो म्हणतो, तू गेलास तर तुलाही धरतील, मग ह्या भाड्याच्या गाड्यांचं यार्ड कोण बघणार? त्याचंही खरं आहे — खरं कसलं, हलकट आहे तो. जाऊ दे.

हिना? हां, हिनाला भेटू देतील. पोटची पोर, तिथेच राहते — तीच एक भेटू शकते. पण तिला मी सांगितलंच नाही. ओल्या बाळंतिणीच्या कानावर असलं घालायचं? दूध आटतं भाऊ. मी आपलं सांगितलं, मावशी आजारी पडली, अम्मीला ऐन वेळी गावाला जावं लागलं. म्हटलं चाळीस दिवस होऊ देत, मग सांगू. झाले की ते. आता कुठल्या तोंडाने सांगू? पोर फोनवर रडते — अब्बा, तिला बहीण जवळची, मी नाही, साधा फोन करत नाही ती. म्हणते, माझ्या बाळाचं तोंड बघायला येऊ नको म्हणावं तिला. आणि मी म्हणतो, सांगतो हं बाय. दुसरं काय म्हणू?

काय, खोबरला थांबणार तुम्ही? हिनाकडे जाऊन येता म्हणता? नको. नको भाऊ. ती विचारील, अम्मी कशी आहे, आणि तुम्हाला खोटं बोलता यायचं नाही. मला येतं.

घ्या चावी. निघा आता, वहिनी उन्हात उभ्या आहेत.