एकच रेघ

"हॅलो?… हॅलो, ताई? थांब हां, यंत्र बंद करते… हां, बोल आता."

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती काम करायची. काचांच्या कडा घासून त्या फ्रेमच्या मापाला आणायच्या, हे तिचं काम. मालक जेवायला गेले होते, पुढे गिऱ्हाईक नव्हतं. सकाळी तिने मोठ्या बहिणीला एवढंच लिहून पाठवलं होतं, 'चार महिने झाले, आली नाही.' बहीण परगावी हॉस्पिटलात नर्स होती. ड्यूटी संपल्यासंपल्या तिने फोन लावला होता.

"कोण नाही आली म्हणजे? पाळी गं, दुसरं कोण येतं माझ्याकडे… नाही, उशीर नव्हे. उशीर म्हणजे आठ-दहा दिवस. ही गेलीच आहे कुठेतरी… हसत नाहीये मी… शेवटची? आठवू दे. मालकांनी दुकान रंगवायला काढलं होतं बघ, तेव्हा. मला स्टुलावर चढ म्हणाले आणि मी नाही म्हटलं, ओटीपोट दुखत होतं म्हणून… हो, म्हणजे चार पुरे, पाचवा चालू."

पलीकडून आलेला प्रश्न तिला अपेक्षितच होता.

"टेस्ट? केली ना! एकदा सोडून दोनदा… दोन्ही वेळा सकाळी उठल्याउठल्या, पाकिटावर लिहिलंय तश्शी. एकच रेघ… पुसट-बिसट काही नाही गं. काचेवरचा केसाएवढा ओरखडा मला दिसतो, रेघ दिसणार नाही?… दुसरी गेल्या आठवड्यात. तीही तशीच… हो, हो, मान्य आहे, चार महिन्यांत कळायलाच हवं. पण ऐक ना. टेस्ट खोटी पडू शकते ना कधी?… अगं, कारण आहे म्हणून विचारते!"

यंत्र बंद असल्याने खोलीत एकेक शब्द मोठा वाटत होता. तिने एप्रन छातीशी घट्ट ओढून घेतला आणि आवाज अगदी खाली आणला.

"ताई, मला… छातीतून काहीतरी येतंय… कपड्यांना डाग पडतात. पांढरट… नाही, पू नाही. दुखत नाही, गाठही लागत नाही हाताला. दोन्हीकडून… ताई, दूधच आहे ते. मूल नाही तर दूध कुठून? तू सांग! सकाळी मळमळतं, पोट फुगतं, पाळी नाही. सगळं त्याचंच आहे, रेघ तेवढी नाही. मी विश्वास कुणावर ठेवू, अंगावर की त्या पट्टीवर?"

बहीण काही बोलली. ती अस्वस्थपणे टेबलावरच्या काचा उगीचच इकडच्या तिकडे करत राहिली.

"घरी? घरी मी कुठे सांगितलं? त्यांनीच ओळखलं. किराण्याची यादी सासूबाई करतात. म्हणाल्या, पॅडचं पाकीट लिहू का? मी म्हटलं, आहे अजून. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्या महिन्यात त्यांनी विचारलंच नाही, नुसत्या हसल्या… मी हो म्हटलं नाही गं! नाही पण म्हटलं नाही… आता काय सांगू तुला. जिना सावकाश चढ, बादली ठेव खाली. नवरा पहाटे उठून माझा डबा भरतो! लग्नाला सहा वर्षं झाली, याला डब्याचं झाकण कुठे बसतं ते माहीत नव्हतं. परवा लिफ्टचं काम अर्धवट टाकून घरी आला, मी जेवले का ते बघायला. आणि सासूबाई मोजे विणतायत. एवढुसे… दोन जोड झाले… कसं सांगू? तूच सांग, कोणत्या तोंडाने सांगू?… हो, आवडतं मला. आवडतात ते लाड. झालं समाधान?"

डोळ्यांत पाणी आलं तसं तिने ते मनगटाने पुसलं.

"रडत नाहीये. काचेची पूड गेली… विचार, काय विचारायचं ते. वजन तेवढंच… नाही, उपाशी नाही राहत… नको तिथे केस-बिस नाहीत… काळजी? तुझ्याशी बोलले की काळजी वाढते… डोकं नाही दुखत… नजर? माझी?… आत्ता, फोनवर?… बरं बाई."

तिने फोन खांद्यात धरला. एकेक डोळा झाकून भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग समोर बघत दोन्ही हात बाजूला पसरले आणि बोटं हलवली. रिकाम्या खोलीत आपण वेड्यासारखे दिसत असणार, असं तिला वाटून गेलं.

"दिसतात. दोन्हीकडची दिसतात… पण डोळ्यांचा आणि पाळीचा काय संबंध?… डोक्यात? कसली ग्रंथी?… वाटाण्याएवढी. आणि ती दुधाचा हुकूम सोडते?… ती फुगली तर नजरेच्या नसेवर… ताई, घाबरवू नकोस हां!… बरं. विचारावं लागतं म्हणून विचारलंस. पण असं घरच्या घरी भागत नाही, डॉक्टरच हवा. कळलं… औषध? कसलंच नाही… नाही म्हटलं ना. ती पित्ताची गोळी सोडली तर… अगं, ती काय औषध असते? रोज एक, उपाशीपोटी… झाले असतील सात-आठ महिने… डॉक्टरांनी पाचच दिवसांची दिली होती. बरं वाटलं, मग औषधवाल्याकडून मीच… ओरडू नकोस ना! सगळेच घेतात!"

पर्समधून गोळ्यांचं पाकीट निघालं. मागच्या चंदेरी कागदावरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. तिने कामाचं भिंग ओढलं.

"दोन नावं आहेत. पहिलं… हां, तेच, पित्ताचं. दुसरं थांब, एकेक अक्षर सांगते."

तिने एकेक अक्षर सांगितलं.

"ताई?… हॅलो? गेलीस का?… मग बोल की! उलटी थांबवायचं? पण मला उलटी होतच नाही… थांब, थांब, सावकाश. या दुसऱ्याने ते हार्मोन वाढतं. ते वाढलं की अंगाला वाटतं, बाळाला पाजायचंय. म्हणून दूध. आणि पाजायचंय म्हटल्यावर पाळी आपोआप थांबते… म्हणजे माझ्यासारखंच माझं अंगही फसलं?… हो, खात्रीने नाही. रक्त तपासायचं. ते हार्मोन, थायरॉइड… आणि गरोदरपणाचीही? पुन्हा?… बरं, रक्तातून, एकदाची खात्री… उद्या गोळी घेऊ की नको?… आजच डॉक्टरला पाकीट दाखवून विचारायचं. हो… म्हणजे मूल नाही."

हे वाक्य इतके दिवस कुणीच उच्चारलं नव्हतं. ते तिच्याच तोंडून निघालं.

"ऐकतेय… पुढे होऊ शकतं, हो. कळलं गं. पण आत्ता नाही… ताई, मी ना, नावसुद्धा ठरवलं होतं. एकटीनेच… नाही, ते नाही सांगणार."

मागे काहीतरी हललं. तिने वळून पाहिलं.

"एक मिनिट… अहो आई, तुम्ही? कधी आलात?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. हातात दांडी तुटलेला चष्मा. त्या आत आल्या, स्टूल ओढून तिच्या शेजारी बसल्या आणि तिच्या हातातून फोन काढून घेतला. आता बहिणीचं काहीच ऐकू येईना. तिला फक्त सासूबाईंचं ऐकू येत होतं.

"हॅलो?… हो, मी सासू. चष्मा दुरुस्तीला आणला होता, पुढे कोणी दिसेना म्हणून आत आले… ऐकलं. त्या डोक्यातल्या ग्रंथीपासून सगळं… नाही हो, रागवू कशाला? वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं… ते राहू द्या. डोक्यातलं काय म्हणत होतात, तसं काही नाही ना?… बहुतेक गोळीचंच. बहुतेक म्हणजे किती?… बरं, रक्त तपासल्यावर… काय आहे, आम्हाला दोनच गोष्टी ठाऊक. पाळी थांबली म्हणजे मूल, नाहीतर वय. मधलं काही असतं हे कुणी सांगितलंच नाही. माझी अडतिसाव्या वर्षी बंद झाली… हो, अडतीस. कुणाला विचारणार? म्हटलं, सुटले… का? त्यात एवढं काय?"

सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"लवकर?… हाडं ठिसूळ होतात? हो, मनगट मोडलं होतं की. जिन्यात नुसती बसकण मारली तर… त्याचा याच्याशी संबंध? कमाल आहे हो… आता साठीला तपासून काय… बरं. बरं, विचारते… ही? रडतेय. रडू दे थोडी… मुलाला तीच सांगेल, मी शेजारी बसेन… हो, आजच. पाच वाजता डॉक्टरीणबाई बसतात, जातोच."

त्या उठल्या. सुनेचा हात त्यांनी धरलेलाच होता.

"एक सांगा, दोघींना एकदम बघतील की दोन नंबर लावायचे?… दोन? बरं. आणि काय होतंय म्हणून विचारलं तर सांगायचं कसं?… आहे तसंच? म्हणजे हिला चार महिने आली नाही, आणि मला बावीस वर्षं?… बरं. ठेवते."