पाण्याची चावी जावेकडे

—अहो, धुतलेलाच आहे तो शर्ट! हुंगताय काय असे? वास येत नाही म्हणूनच स्वच्छ आहे. घाला बिनधास्त, आमच्या ह्यांचा आहे, जरा ढगळ होईल — पण इथे कोण बघतंय तुम्हाला? मी तुमच्या आईच्या वयाची, पलीकडे इस्त्रीवाले काका, आणि ही चार मशिनं. तुमच्या शर्टावरचा चहा अर्ध्या तासात निघतो. मुलाखत कितीला? साडेअकराला ना, मग बसा निवांत. कसली नोकरी म्हणालात? धंद्याच्या धोरणात पर्यावरण कसं आणायचं ते कंपनीला सांगायचं? अगं बाई! म्हणजे त्याला पगारही मिळतो? मला तर नुसतं ऐकून घ्यावं लागलं. — आमचं धोरण? आहे की. नाही, ती भिंतीवरची चौकट नव्हे. ‘आम्ही निसर्गाशी बांधील आहोत’ — ते मी कुठून तरी उतरवून काढलं होतं, अक्षर छान आहे म्हणून ठेवलंय. खरं धोरण भिंतीपलीकडे आहे. माझी धाकटी जाऊ.

हसू नका. सासऱ्यांनी जागा वाटून दिली — पुढचा भाग थोरल्याला, मागचा धाकट्याला. पुढे मी लाँड्री टाकली, मागे तिनं रोपवाटिका. आमचं सांडपाणी भिंतीखालच्या चरातून तिच्या जागेच्या कडेकडेनं जायचं, आणि उन्हाळ्यात तिला पाणी कमी पडलं की ती तेच रोपांना घालायची. पानं पिवळी, कडा करपलेल्या, कुंड्याच्या कुंड्या रिकाम्या करायची बिचारी. मला माहीत होतं का? छे, मला कसं माहीत असणार — म्हणजे, फेस दिसायचा. पण फेस काय, कपडे धुतले की फेस येणारच ना? एकदा ती भीत भीत म्हणाली, ‘ताई, तुमच्या पाण्यानं तर होत नसेल?’ आणि मी — तिच्या गिऱ्हाइकांसमोर हो, चारचौघांत — म्हटलं, ‘रोपं जगवायला हाताला यश लागतं. तुझ्या हाताला नाही.’ झालं. त्या दिवसापासून बोलणं बंद. सहा वर्षं. मधे एक भिंत, आणि निरोप नवऱ्यांमार्फत.

मग ते हॉटेल, माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या चादरी, टॉवेल, अभ्रे — ते गेले असते तर माझी तीन मशिनं बसलीच म्हणून समजा. त्यांचं पत्र आलं, तुमचं पर्यावरण धोरण कळवा. मी कळवलं, वर ही चौकट करून घेतली. तर एक दिवस त्यांच्या बाई आल्या, पायात रबरी बूट. मी चौकटीपुढे खुर्ची मांडली. बाईंनी वाचलं, मान डोलावली, म्हणाल्या, ‘कागद छान आहे. पाणी कुठे जातं ते दाखवा.’ चराच्या कडेनं निघालो, भिंतीला वळसा घातला, तर ही बया खुरपं घेऊन उभी. बाईंनी तिलाच विचारलं, ‘या पाण्याचा तुम्हाला त्रास होतो का?’ आता बघा — ती एक शब्द बोलली असती तरी माझा बाजार उठला असता. आणि बोलायलाच हवं होतं! मी असते तर तिखटमीठ लावून बोलले असते. ती माझ्याकडे बघत म्हणाली, ‘ते ताईंना विचारा.’ बस, एवढंच. मी खोटं बोलायला म्हणून तोंड उघडलं — खरंच सांगते, वाक्य तयार होतं — आणि बाहेर पडलं भलतंच. ‘होतो,’ म्हटलं. ‘सहा वर्षं होतोय.’

बाई शहाण्या. सहा महिन्यांची मुदत दिली. मला वाटलं, पावडर बदलू, की झालं. तर दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ दारात. हातात वहीचं पान, त्यावर आकृती. म्हणाली, ‘माझ्या जागेत खडी, वाळू आणि पाणकणसाचा वाफा करते. तुमचं पाणी त्यातून गाळून जाईल. पण दोन अटी. तुमच्याकडून बाहेर पडणाऱ्या पाण्याची चावी माझ्या हातात. आणि नवं गिऱ्हाईक घ्यायच्या आधी मला विचारायचं.’ मी उसळलेच — ‘धंदा माझा का तुझा?’ तर म्हणते, ‘धंदा तुमचा. पाणी दोघींचं.’ दिली चावी.

मग एकेक सुरू झालं. शेवटचं खळबळलेलं पाणी टाकीत साठवायचं, पुढच्या धुण्याला पहिलं तेच. बाहेर जाणारं गरम पाणी आत येणाऱ्या गार पाण्याच्या नळीला लगटून न्यायचं — इतकी वर्षं आम्ही गरम पाणी सोडून देत होतो आणि गार पाणी तापवत बसत होतो, अक्कल बघा! एक गिऱ्हाईक आलं, टॉवेल डोळे दिपतील असे पांढरे हवेत आणि वर सुगंध. ती म्हणाली, नको, तेवढ्या ब्लीचनं वाफा मरेल. मी दोन दिवस फुगून बसले, तिसऱ्या दिवशी नाही कळवलं. आता वर्षाचं ठरवायला बसलो की आधी पाणी, मग मशिनं. तुम्ही हे सांगा तिथे — धोरण म्हणजे चौकट नव्हे, नाही म्हणायचा हक्क कुणाला दिलाय ते विचारा. लिहून घ्या हवं तर.

चावी? केली ना बंद एकदा! कुणीतरी जुन्या पावडरीचं पोतं काढलं, पडून होतं, म्हटलं वाया कशाला घालवा. वाफ्यात फेस आला, तिनं चावी फिरवली, इकडे टाकी तुडुंब, मशिनं थांबली, साठ चादरी ओल्याचिंब. — कोण म्हणजे, कुणीतरी कामावरचं... असे बघू नका हो. कामावर आहेच कोण इथे? काका, आणि काका पावडरीला हात लावत नाहीत. बरं, मीच. मीच काढलं पोतं. आणि ती? पदर खोचून आली. एका टोकाला ती, एका टोकाला मी, दिवसभर चादरी पिळत होतो. हात भरून आले, हसून हसून पोट दुखलं. हॉटेलला फोन मीच केला, खरं तेच सांगितलं.

ते ‘तुझ्या हाताला यश नाही’ म्हटलेलं? त्याची माफी? — नाही. अजून नाही बोलले. बोलायचं काय त्यात, सहा वर्षं आणि वर ही दोन, जुनी गोष्ट. ती विसरलीसुद्धा असेल. हल्ली लोक वाफा बघायला येतात, म्हणतात, काय हात आहे हो तुमचा! ती हसते. सगळ्यांकडे बघून हसते आणि माझ्याकडे तेवढं बघत नाही. माझी लाज राखते, दुसरं काय. ...

काका, झाला का? आणा इकडे. घ्या, डाग औषधालासुद्धा उरला नाही, आणि बटण ढिलं होतं ते काकांनी लावलंय. अकरा वाजले, निघा आता. — अहो, जा ना! दुकान थोडा वेळ बंद ठेवतेय मी, मागे जायचंय. नाही नाही, पाणी ठीक आहे. जा तुम्ही.