रंगुबाईंचा सफरचंदाचा शिरका

...नाही, पण माणसाचे दात आंबावेत तरी किती? तुम्हाला सांगतो, भाकरीचा पापुद्रासुद्धा चावता येईना! खानावळीत मी आपला आमटीत बुडवून गिळतोय, तर समोरचा विचारतो, 'पाहुणं, कवळी बसवली का?' अहो, माझं वय बावीस! बाकी औषध चांगलं आहे.

औषध म्हणजे सफरचंदाचा शिरका, व्हिनेगर हो. आता आमच्या नगरात सफरचंद दिसतं ते आजारी माणसाच्या उशाशी, तेही एखादं. त्याचा शिरका कोण करील? पण आमच्या घरमालकीण रंगुबाई, त्यांचा लेक कानिफनाथ पलटणीत, तिकडं हिमाचलात. त्यानं रजेवर येताना बाटली आणली. तो परत गेला, बाटली राहिली. आणि मी एकदा, एकदाच हो, ढेकर दिला... झालं! रंगुबाई दारात. 'पित्त हाय तुला. ह्ये घे, माझ्या कानिफनं आणलंय. मेद झडतो, सांधं मोकळं हुत्यात.' म्हटलं, मावशी, माझ्या अंगावर मेद कुठंय? 'मंग पित्त जाईल!' पाणी तरी घालू का? 'न्हाई! पान्यानं गुन जातो.'

घशातून निखारा गेला हो! डोळ्यांत पाणी. 'बघ, लागू पडलं!' छातीत जळजळ, आणि वास असा, की कापडाच्या दुकानात माझ्या जोडीचा शामकांत म्हणतो, 'लोणच्याची बरणी आली, झाकण लावा!' मी मुळातच कमी बोलतो, आता गिऱ्हाइकानं भाव विचारला की तोंड मिटून बोटं दाखवतो. बाकी औषध चांगलं आहे.

सोडत का नाही म्हणता? अहो, रोज सकाळी दार वाजतं. 'घेतलंस का रं? झोप लागली का? काल उशीर का झाला?' दिवसभरात 'तीन वार फाडा' याखेरीज माझ्याशी कोण काय बोलतं, सांगा बरं?

पण डॉक्टरांनी घसा बघितला आणि ओरडलेच, 'हे नुसतंच पितोस? आतून सोलला आहेस! बंद कर!' मी भीत भीत रंगुबाईंना सांगितलं. त्यांनी पदरानं बाटली पुसली आणि घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी दार वाजलं नाही. तिसऱ्या दिवशी मी उगाच खाकरलो, बादली आपटली... नाही! शेवटी मीच गेलो. 'मावशी, पित्त उसळलंय... पाणी घालून चालेल का?' अशा हसल्या! म्हणाल्या, 'घाल की. कानिफला कुठं कळतंय?'

पाणी घातलं तरी घसा जळायचा तो जळतोच. बाकी औषध... जाऊ द्या. परवा बाटली संपली. म्हटलं, सुटलो! आता कानिफनाथ रजेवर येईल, मावशी त्याला विचारतील झोप लागली का. मला कशाला विचारतील? तर काल त्याच्या पलटणीतला एकजण येऊन गेला, आणि आज सकाळी दार वाजलं. मी विचारलं, 'मावशी, कानिफनाथ येतोय ना?'

'न्हाई रं. रजा न्हाई मिळाली त्याला...' त्यांनी पदराआडून हात काढला. 'दोन बाटल्या धाडल्यात.'

मी काय करणार? पेला विसळायला घेतला.