दसऱ्याचा प्रोजेक्टर

(सकाळ. गावची शाळा. सत्यवान तिथला शिपाई.)

अनुजा : बाबा, तुम्ही देवळात माझ्या नावानं गाऱ्हाणं घातलंत?

सत्यवान : घातलंय. अख्ख्या गावादेखत. माझा चेडू पुण्यासून येतला नि शाळेचो प्रोजेक्टर चालू करतला. सगळ्यांनी 'व्हय महाराजा' म्हटल्यानी.

अनुजा : पण मी पत्रकार आहे! शाळांना यंत्रं मिळतात, त्यांचं पुढे काय होतं ते लिहिते. दुरुस्त नाही करत.

सत्यवान : पत्रकार म्हटला की लोक इचारतत, निवडणूक इली काय? म्हणान मी सांगतंय, इंजिनेर.

सुभद्रा : कसला इंजिनेर! काल शेजारच्या गंगारामान फोन दुरुस्तीक दिल्यान, तर ह्या चेडू इचारता, "काका, यावर नातू काय शिकतो?" फोन तसोच परत.

अनुजा : आये, ताच माझा काम!

सत्यवान : आज धा वाजता मुंबय मंडळाचे पाहुणे येतले. प्रोजेक्टर तेंनीच दिलेलो. बंद दिसलो, तर पुढचे कंप्युटर धामापुरच्या शाळेक जातले. अठरा पोरां वाट बघतत गो!

अनुजा : बरं. नेमकं काय होतं?

सत्यवान : घरघरता. पण भिंतीर नुसतो तांबडो काळोख.

अनुजा : कधीपासून?

सत्यवान : दसऱ्यापासून.

अनुजा : दसऱ्याला काय केलंत? क्रमानं सांगा.

सत्यवान : पोलिसांत आसंस काय तू? पूजा केलंय. हळद, कुंकू, झेंडूचो हार.

अनुजा : कुंकू कुठे लावलंत?

सत्यवान : कपाळार.

अनुजा : प्रोजेक्टरला कपाळ?

सत्यवान : मधोमध गोल काच आसा ना? थंय. तेलात कालवून, बरा घट्ट.

अनुजा : बाबा! उजेड तिथूनच येतो! चार महिन्यांत एकदा पुसायचं तरी!

सत्यवान : रोज पुसतंय. कुंकू सोडून.

अनुजा : द्या ते फडकं.

सुभद्रा : खबरदार! कुंकू पुसूचा नाय! गाव काय म्हणतला?

अनुजा : आये, प्रोजेक्टर सवाष्ण आसा?

सुभद्रा : हसा नको. पुजलेल्या वस्तूचा असा पुसूक नाय.

अनुजा : मग गणपती कसो हलवतंस?

सुभद्रा : उत्तरपूजा करून. अक्षता टाकल्यो की हलवूक मोकळे.

अनुजा : मग ह्येचीय कर.

सत्यवान : प्रोजेक्टराची उत्तरपूजा?

सुभद्रा : गप रवा तुमी. पोषण आहाराच्या पोत्यातले चार तांदूळ आणा बघू.

(अक्षता पडतात. फडकं फिरतं. भिंतीवर पांढरा लख्ख चौकोन.)

सत्यवान : इलो! उजेड इलो! बघ, येता ना तुका दुरुस्त करूक?

अनुजा : मी काही केलं नाही. फक्त विचारलं.

सत्यवान : चार म्हयने आमी तेका थापटलंव, हलवलंव, मालवणात नेऊन आणलंव. पण इचारूक कोणी नाय इचारल्यान.

अनुजा : हे छापून येणार हं. काळजी नको, तुमचं नाव नाही घालत.

सत्यवान : नाव घाल.

सुभद्रा : अहो, गाव हसतला!

सत्यवान : हसांदे. लिव, 'कुंकू लावणारो सत्यवान.' नि फुडे लिव, 'पत्रकाराचो बापूस.'