साहेब गेलं त्या दिवशीचा केक

माझं माहेर लोणंदचं. बाप रेल्वेत रुळावर कामाला, आई बाजारात कांदा निवडायला जायची. माझी चौथी झाली आणि आईनं अंथरूण धरलं, मग धाकट्या भावंडांचं करायला घरात कोण, म्हणून शाळा सुटली ती सुटलीच. लिवाय-वाचाय येतं मला, पण तुमच्यासारखं न्हाई, म्हणून तुमी लिवून घ्या, मी बोलते. लग्न होऊन हिकडं तासगावच्या बाजूला आली. नवरा साखर कारखान्यात होता, दारू पिऊन मेला, त्याच्यात सांगण्यासारखं काय न्हाई. पोरगा शिरवळला कंपनीत हाय, सून आणि नातवंडं माझ्याजवळ असत्यात.

आता तुमी ज्यांचं विचारताय त्यांचं सांगते. गावाच्या कडंला प्रार्थनेची जुनी खोली हाय आणि तिच्या मागं दोन खोल्यांचं कौलारू घर, त्याला बंगला म्हणत्यात. तिथं हे नवरा-बायको राहायला आलं. नॉर्वे म्हणून देश हाय म्हणं, लय थंड, तिथलं. मिशनरी. आमाला वाटायचं मिशनरी म्हणजे तरणी माणसं असतील, ही तर माझ्यापरीस म्हातारी. साहेबांचं गुडघं गेलेलं, बाईंच्या कानात यंत्र. तिकडचं घर विकून आलेली, परत जायचं न्हाई, हितंच मातीत जायचं म्हणून आलेली. गावात बोलणं सुरू झालं, आली बाटवायला. काय सांगू तुमाला, बाटवतील कुणाला, त्यांस्नी दूधवाल्याला हाक मारायला जमत नव्हतं. साहेब दारात भांडं घेऊन उभं राहायचं आणि दूधवाला पुढनं निघून जायचा.

सैपाकाला मला बोलावलं, कारण दुसरं कुणी जाईना. आमी बुद्धाची माणसं, आमाला कोण काय बाटवणार. पयल्या दिवशी मी आपली नेहमीची आमटी केली, साहेबांनी एक घास घेतला आणि तोंड लालेलाल, डोळ्यातनं पाणी, आणि त्यांच्या त्या पुस्तकातल्या मराठीत म्हणत्यात, उत्तम झाली आहे. मी म्हणलं, साहेब, देवाचं काम करता आणि खोटं बोलता व्हय. लय हसलं ते. त्या दिवसापासनं त्यांची आमटी येगळी, आमची येगळी.

साहेबांचं तरी बरं होतं, पोरांना इंग्रजी शिकवायचं, झाडांना पाणी घालायचं. बाईंचं हाल. उन्हाळ्यात लाईट गेली की वल्लं फडकं डोक्यावर घेऊन न्हाणीत फरशीवर बसून राहायच्या. आणि एकलं पडणं. त्यांच्यात कुणाच्या घरी जायचं तर आधी विचारून जात्यात. हितं विचारून कोण येतंय? आणि न विचारता त्या कुणाकडं जायच्या न्हाईत. मग ह्या घरात आणि गाव गावात. दर शनिवारी बाई केक करायच्या, वेलदोडा घातलेला, वर साखर भुरभुरलेली, आणि झाकून ठेवायच्या. म्हणायच्या, सुंदरा, उद्या प्रार्थनेनंतर बायका आल्या तर असावा. प्रार्थनेला यायची चार घरची माणसं, ती उठून सरळ घरी जायची. बाकी गावातलं कुणी फिरकायचं न्हाई. सोमवारी तो केक माझी नातवंडं खायची. बाईंना तेवढंच पाहिजे होतं बघा, गावातल्या बायकांनी येऊन बसावं, त्यांच्या हातचं कायतरी खावं. दुसरं काय मागितलं न्हाई त्यांनी गावाकडं.

साहेब थंडीत गेलं. झाडांना पाणी घालताना खाली बसलं ते उठलंच न्हाईत. दुसऱ्या दिवशी मिरजेकडं दफनभूमीत न्यायचं ठरलं. मी पहाटं उठून पिठलं आणि भाकऱ्या केल्या. आमच्याकडं मयत झालेल्या घरात चूल पेटत न्हाई, शेजारपाजारची माणसं जेवण घेऊन जात्यात, त्याला कडू घास म्हणत्यात. टोपली घेऊन बंगल्यावर गेली तर दारातच वेलदोड्याचा वास. आत बाई धुतलेला निळा झगा घालून, केस विंचरून, गॅसपाशी उभ्या. डोळं कोरडं. मी म्हणलं, बाई, आज गॅस पेटवायचा नसतो. त्या म्हणल्या, सुंदरा, आज लोक येतील. आणखी बोलायला गेली तवर गाडी आली, साहेबांना उचललं, राहिलं ते.

माती देऊन परत आलो तर काय सांगू, पडवी बायकांनी भरलेली, जवळ झाकलेल्या टोपल्या. सगळं गाव. मला वाटलंच नव्हतं एवढी येतील, पण मयताला गाव येतं, कितीबी तोंड फिरवलेलं असू दे. सगळ्यांत पुढं माझी थोरली जाऊ पारू. गळा काढून रडायला लागली तशा बाकीच्याबी लागल्या. बाई घाबरल्या जरा, एवढं मोठ्यानं रडणं त्यांनी कवा ऐकलंय. मग आत गेल्या आणि कॉफीचं कप आणि केकचं तुकडं मांडलेला ट्रे घेऊन बाहेर आल्या. हसल्यासारखं तोंड करून.

रडणं एकदम थांबलं. बाई एकेकीपुढं जाऊन वाकायच्या, घ्या, कृपा करून घ्या. आणि एकेकीचा हात पदराखाली. कुणी तरी मागनं म्हणलं, वाढदिवस हाय का गं हिचा? पारू म्हणली, नवऱ्याला मातीत घालून आली आणि केक वाटतीया, गोऱ्या माणसाला काळीज नसतंय बघा. बाईंना पयल्यांदा वाटलं, लाजतायत. मग कायतरी चुकलं एवढं त्यांना कळलं, पण काय ते कळंना. तरी ट्रे पुढं करत राहिल्या.

हे हात मागं घेणं मी लय बघितलंय. माझ्या आईनं पाणी पुढं केलं की माणसांचं हात असंच मागं जायचं. पारूनंबी ते बघितलंय, तिला तरी कळाय पाहिजे होतं, पण न्हाई. मी उठली, ट्रेमधला एक तुकडा उचलला आणि सगळ्यांच्या देखत खाल्ला. गोड होता. वरनं कॉफीबी प्यायली. पारू म्हणली, सुंदरे, लाज सोडलीस. मी म्हणलं, सोडली, तू धरून बस. मग बायका एकेक करून उठल्या आणि गेल्या.

संध्याकाळी मी बाईंना सरळ सांगितलं, आमच्यात मयताच्या घरचं त्या दिवशी कुणी खात न्हाई, गोड तर न्हाईच. त्या म्हणल्या, आमच्याकडं मातीला आलेल्या माणसाला उपाशी पाठवत न्हाईत, घरातल्या माणसानं स्वतःच्या हातानं द्यायचं, त्याच्यात मेलेल्याचा मान असतो. बरं म्हणलं मी. मग त्यांनी विचारलं, त्या बायकांजवळ टोपल्या कसल्या होत्या? मी म्हणलं, तुमचं जेवण. कडू घास. सगळ्या जणी तुमच्यासाठी भाकरी घेऊन आलेल्या. त्या म्हणल्या, आणि त्या परत घेऊन गेल्या? मी म्हणलं, व्हय.

तवा रडल्या. साहेब गेलं तवा न्हाई, मातीवर न्हाई, टोपल्या परत गेल्या ह्याच्यावर रडल्या. माझी एक टोपली होती तिथं, पण त्यातलं त्या दिवशी त्यांनी खाल्लं न्हाई, मीबी न्हाई.

पारू माझ्याशी बोलायची बंद झाली ती मरंपर्यंत. औंदा उन्हाळ्यात गेली. तिला पोचवून माणसं परत आली, आमी बायका सोप्यात बसलेलो, तर भर उन्हात बाई गल्लीतनं येताना दिसल्या, डोक्यावर वल्लं फडकं आणि हातात टोपली. मला विचारलं न्हाई, सांगितलं न्हाई, आपल्या हातानं भाकरी थापून आलेल्या. जाड, कडंनं करपलेली, मधी कच्ची. पिठल्याच्या गुठळ्या. टोपली पारूच्या सुनेपुढं ठेवली आणि खाली मान घालून बसल्या. सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी मान दुसरीकडं केली, तिचं घर, तिची सासू. तिनं टोपली उचलून आत नेली. दुसऱ्या दिवशी टोपली धुऊन परत आली. खाल्ली का म्हशीला घातली, मी विचारलं न्हाई.

तुमाला वाटंल त्यानंतर बायका यायला लागल्या असतील. न्हाई. पारूची सून एकदा आली, झबलं बेतून घ्यायला, बाईंना शिवण येतं म्हणून, उभ्या उभ्या आली आणि गेली. बाई अजून शनिवारी केक करत्यात. कान आता यंत्र लावूनबी जात चाललेत. तिकडनं पोराचा फोन येतो, आई परत ये. ह्या म्हणत्यात, तुझ्या बापाला हितं एकटं कसं टाकू.

परवा मला म्हणल्या, सुंदरा, मी गेल्यावर ह्या घरात कडू घास कुणासाठी आणणार, घरात तर कुणीच नसंल. मी म्हणलं, मी आणीन आणि मीच पडवीत बसून खाईन. आणि मी आधी गेली तर ह्या भाकरी घेऊन माझ्या दारात येणार, हे काय चुकत न्हाई. सुनेला सांगून ठेवलंय, कच्ची असली तरी खायची, म्हशीला घालायची न्हाई.