भरदुपारी लावलेलं दार

लक्ष लागावं म्हणून हल्ली कोणतं ॲप वापरतोस, असं विचारता ना? सगळी काढून टाकली. आता शेजारच्या शेवंतीकाकी पुरतात.

परवा संध्याकाळपर्यंत आराखडा मंजुरीला पाठवला नसता, तर आपल्या गावाचा काजू कारखाना वर्षभर लांबला असता. म्हणून मी पुढचं दार लावून घेतलं. आमच्या वाडीत दिवसा दार लावतं कोण? काकी खिडकीशी हजर.

"काय रे, बरां नाय?"

"काम आसा, काकी. कोणाक आत सोडू नको."

"तू कर. मी बसतंय हंय, ओट्यार."

खरंच कोणी आलं नाही. आराखडा गेला. दार उघडलं, तर ओट्यावर घरोघरच्या पेजेची भांडी!

"काकी, लोकांक काय सांगलंस?"

"तुका लागणारो ताप इलो म्हणान. काम करता सांगलां असतां, तर कोण भायर रवलो असतो?"