धाकटीच्या गावचं विमान

दातांच्या दवाखान्यात नंबरची वाट पाहणाऱ्या एका शिक्षिकेच्या शेजारी एक आजी मोबाइलवरच्या खेळात विमान कंपनी चालवत होत्या आणि आजोबा चुका काढत होते.

"अगं, हे विमान रोज रिकामं जातंय. बंद कर."

"अहो, बाकीची भरून जातात ना? मग हे राहू दे."

"धंदा करतेस की दानधर्म? जातं तरी कुठे हे?"

"धाकटीच्या गावाला."

आजोबांनी चष्मा पुसला.

"आणि पोचतं भल्या पहाटे?"

"हो. का?"

"आपल्याला न्यायला जावयाला थंडीत कुडकुडत यावं लागेल. दिवसाउजेडी पोचेल असं कर."

"बाई, तुमचा नंबर आला," परिचारिका म्हणाली.

"पुढच्यांना घ्या," शिक्षिका हळूच म्हणाली.

"आणि विमान मोठं लाव. धाकटी इकडे येते तेव्हा सामान थोडं असतं का!"